पानिपत झालं म्हणजे नेमकं काय झालं?

एखादा कॉलेजचा फुटबॉल संघ हंगामाच्या शेवटच्या सामन्यात दणकून हरला, की आपण सहज म्हणतो, "पोरांचं पानिपत झालं." पण त्या संघाला विचारा. तो सांगेल की दमलेले पाय, जायबंदी गडी, न जमलेला मेळ हे सगळं आधीच साचलं होतं. शेवटच्या सामन्यात ते फक्त दिसलं. खऱ्या पानिपताचंही तसंच आहे, असं माझं मत आहे.

आज आपण काला अंबबद्दल बोलतोय. दिल्लीहून उत्तरेला साधारण नव्वद किलोमीटरवर पानिपत, आणि शहराबाहेर हे स्मारक. इथं एक आंब्याचं झाड होतं, ते रक्तानं काळवंडलं, अशी आख्यायिका सांगतात. इथं येणारा मराठी माणूस एकच तारीख घेऊन येतो : 14 जानेवारी 1761. मी तुम्हाला त्याआधीचे दहा महिने दाखवणार आहे.

मराठी फौजेचा एक ठरलेला हंगाम असायचा. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्याआधी घरी. अब्दालीचाही होता. तो हिवाळ्यात यायचा आणि उन्हाळा तापायच्या आत परतायचा. 1760 साली दोघांनीही आपापला हंगाम मोडला. जानेवारीत बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले. फेब्रुवारीत उदगीरला निजामाला हरवलेले सदाशिवरावभाऊ मार्चमध्ये उत्तरेकडे निघाले. म्हणजे परतायच्या दिवसांत निघाले! वाटेत पावसानं नद्या फुगल्या. अब्दालीही यंदा इथेच राहिला, पण त्याच्या पाठीशी नजीबखानाचा रोहिलखंड होता, म्हणजे धान्य होतं. भाऊंचं घर मात्र शेकडो कोस मागे राहिलं. शिवाय सोबत बायका-मुलं आणि यात्रेकरूंचा मोठा जमाव. खाणारी तोंडं लढणाऱ्या हातांपेक्षा जास्त.

ऑगस्टमध्ये दिल्ली मिळाली, पण तिथला खजिना रिकामा. सूरजमल जाट साथ सोडून गेला. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकला, धान्य हाती लागलं. आणि नेमक्या त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला. नकाशा डोळ्यांसमोर आणा : आता दिल्ली आणि भाऊ यांच्या मधे अब्दाली उभा होता. घरची वाट बंद!

पुढचे अडीच महिने दोन्ही फौजा समोरासमोर बसल्या. डिसेंबरात बळवंतराव मेहेंदळे पडले. अंतर्वेदीत शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत उपासमार सुरू झाली. भुकेनं मरण्यापेक्षा लढून मरू, असं सरदारांनी म्हटलं, तेव्हा निवड फारशी उरलीच नव्हती.

इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी आणि पलटणींनी त्या सकाळी शत्रूची फळी हलवली, हे विसरू नका. पण दुपारी अब्दालीनं राखून ठेवलेली ताजी फौज पुढे काढली. आपल्याकडे राखीव ठेवायला उपाशी माणसं आणि उपाशी घोडीच होती. विश्वासराव पडले आणि फळी फुटली. आपण सगळा पराभव त्या एका गोळीवर टाकतो, कारण एका गोळीची गोष्ट लक्षात ठेवायला सोपी असते. रसदेची गोष्ट कंटाळवाणी वाटते.

याचा अर्थ भाऊ निर्दोष, असा नाही. ते शूर होते, आणि त्या दिवशी लढता लढता पडले. पण शौर्यानं धान्य उगवत नाही. आणि जे मेले त्यांच्यातले कितीतरी जण लढायला आलेच नव्हते, हेही काला अंबला हात जोडताना आठवलं पाहिजे.

आता शेवटचं. 'पानिपत झालं' म्हणजे कायमचं संपलं, असं आपण धरून चालतो. पण या रणातून जखमी पायानिशी वाचलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, 1771 साली, पुन्हा दिल्लीत होते. तेव्हा पुढच्या वेळी कुणाचं पानिपत झालं असं म्हणाल, तेव्हा आधीचे दहा महिने विचारा आणि नंतरची दहा वर्षंही विचारा.