हेलेबोर: ऐन हिवाळ्यात सावलीत फुलणारं हे झाड कसं वाढवतात?

डिसेंबर उजाडला की युरोपातल्या बहुतेक बागा ओक्याबोक्या दिसू लागतात. अशा वेळी झाडांच्या बुंध्याशी पांढरी, गुलाबी, गर्द जांभळी फुलं मान खाली घालून उमलतात. हे झाड म्हणजे हेलेबोर. 'सावलीत लावा' असं ऐकून अनेक जण ते लावतात. झाड जगतं, पण फुलतच नाही. असं का होतं?

सावली कोणती हवी?

हेलेबोरच्या बहुतेक प्रजाती मूळच्या युरोपातल्या, त्यातही बाल्कन भागातल्या. तिथे ती पानगळीच्या झाडांखाली वाढतात. उन्हाळ्यात वर दाट पानांचं छप्पर असतं, पण हिवाळ्यात पानं गळाली की ऊन थेट जमिनीवर येतं. हेच ऊन हेलेबोरला लागतं. त्यामुळे सदाहरित झाडाखाली किंवा कायम अंधारलेल्या कोपऱ्यात त्याला फुलं कमी येतात.

लागवड कशी करतात?

जमीन पाण्याचा निचरा होणारी हवी. त्यात कुजलेल्या पालापाचोळ्याचं खत मिसळतात. दोन रोपांत साधारण ४५ सेंटीमीटर अंतर ठेवतात. जिथून पानं फुटतात तो भाग मातीत खोल गाडला, तर फुलं कमी येतात आणि झाड कुजूही शकतं. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला २ ते ३ वर्षं लागतात.

जुनी पानं का कापतात?

'लेंटन रोझ' या लोकप्रिय प्रकाराची जुनी पानं कळ्या दिसू लागताच बुडापासून कापतात. पानांवर काळे डाग पाडणारी बुरशी त्यामुळे नव्या पानांवर कमी पसरते आणि फुलंही नीट दिसतात.

फुलं इतके दिवस कशी टिकतात?

आपल्याला पाकळ्या वाटतात ती खरं तर निदलं असतात, म्हणजे कळीला झाकणारी पानं. खऱ्या पाकळ्यांच्या मधाने भरलेल्या छोट्या नळ्या झालेल्या असतात. त्या गळून पडल्या तरी निदलं अनेक आठवडे राहतात. इतर फुलं नसताना मधमाश्यांना इथे मध मिळतो.

धोका काय?

हिमालयातला बचनाग ज्या कुळातला, त्याच कुळातलं हे झाड. मुळापासून बीपर्यंत त्याचा प्रत्येक भाग विषारी असतो. रसाने त्वचेची आग होऊ शकते, म्हणून हातमोजे घालूनच छाटणी करतात. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं असलेल्या घरात ते त्यांच्या आवाक्याबाहेर लावलेलं बरं.

महाराष्ट्रात वाढेल का?

हेलेबोरला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते आणि उन्हाळ्यातला उकाडा सोसत नाही. त्यामुळे मुंबई-पुण्यात त्यावर पैसे घालवण्यात अर्थ नाही. ब्रिटन किंवा जर्मनीत राहणाऱ्यांनी मात्र पानगळीच्या झाडाखालची जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी.