चराईचा पैसा कोणी कोणास द्यावयाचा?

वऱ्हाडचा इतिहास सांगताना आपण गाविलगडापासून आरंभ करतो आणि कापसाच्या बाजारापाशी येऊन थांबतो. मेंढीला त्यात सहसा जागा मिळत नाही. तथापि एक साधा प्रश्न विचारला, तर या प्रांताचा बराचसा इतिहास त्याच्या उत्तरात सापडतो. मेंढीच्या चराईचा पैसा कोणी कोणास द्यावयाचा? वऱ्हाडात या प्रश्नाची तीन काळांत तीन उत्तरे मिळाली. ती आपण क्रमाने पाहू.

धनगर या भूमीत उपरा नव्हे. धनगरांतील हटकरांचा उल्लेख अबुल फजलाने 'आईन-इ-अकबरी'त वाशीमच्या वर्णनात केला आहे. आणि वाशीम हे १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यातच होते. गावाशी धनगराचा व्यवहार सरळ होता. कापूस वेचून झाला, ज्वारी निघाली, की शेतकरी आपल्या वावरात मेंढ्या बसवी. दिवसा मेंढ्या पऱ्हाटीचा पाला नि धसकटे खात. रात्री त्यांच्या लेंड्या-मुताने जमीन सकस होई. त्याबद्दल धनगराला धान्य मिळे. पूर्वीच्या राजवटींतही वनचराईसारख्या पट्ट्या होत्याच. पण गावच्या हिशेबात पाहिले तर चराईबद्दल देणारा शेतकरी होता आणि घेणारा धनगर. हे पहिले उत्तर.

मात्र हा व्यवहार आठ महिन्यांचा होता. पाऊस पडला, पेरण्या झाल्या, की वावराचे दार बंद. शिवाय पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात. अशा वेळी मेंढरांना चढाची, मुरमाड आणि गवताळ जमीन लागते. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट, बालाघाट आणि मेळघाट असे भाग पाडत. धनगराच्या दृष्टीने पाहिले, तर पयानघाटातली वावरे ही उन्हाळ्याची सोय आणि दोन्ही बाजूंचे चढ ही पावसाळ्याची. मेंढीचे जगणे या चार महिन्यांवर टांगलेले असते, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढचा सारा इतिहास त्या चार महिन्यांचा आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचा भाव चढला, १८६७ त रेल्वे नागपूरपर्यंत गेली, आणि पडीत जमिनी भराभर नांगराखाली आल्या. दुसरीकडे रानाची मोजणी होऊन त्याचे वर्ग पडले : इमारती लाकूड व सरपण यांचे एक, गवताच्या रमण्यांचे दुसरे, चराईचे तिसरे. रमण्याचे गवत आता राखले जाई, विकले जाई. चराईला परवाना आणि फी आली. १८७१ च्या कायद्याने भटक्या जनावरांना कोंडवाड्याची वाट दाखवली, आणि त्या कायद्यात मेंढरू व कोकरू यांचीही गणना होती. ज्या गवताचा कोणी धनी नव्हता, त्याला सरकार धनी झाले. देणारा आता धनगर आणि घेणारे सरकार, हे दुसरे उत्तर.

स्वातंत्र्यानंतर हे चक्र हळूहळू फिरले. १९७८ साली राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करते, आणि त्याचे एक प्रक्षेत्र अमरावतीजवळ पोहरा येथे आहे. २०१७ साली राजे यशवंतराव होळकर महामेश योजना निघाली : भटक्या जमाती 'क' वर्गातील मेंढपाळास २० मेंढ्या आणि १ मेंढानर, ७५ टक्के अनुदानावर. २०१९ साली तीत भर पडली ती चराई अनुदानाची. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपये, एकूण २४,००० रुपये. अट एवढीच मोठी की पदरी किमान २० मेंढ्या व १ नर असावा. देणारे आता सरकार आणि घेणारा धनगर. हे तिसरे उत्तर.

चारच महिने का, हे आता वेगळे सांगावयास नको. शासनाने कागदावर लिहिले नसेल, परंतु या अनुदानाचा अर्थ एकच आहे : पावसाळ्यात मेंढीला जावयास जागा उरलेली नाही. गवत गेले त्याची ही भरपाई आहे. ती पुरते का, याचा हिशेब अवघड नाही. दिवसाला २०० रुपये, म्हणजे एकवीस जनावरांत दर डोई साडेनऊ रुपये. त्यात चारा आणावयाचा, आणि पावसाच्या तोंडाला आंत्रविषाराची लस टोचून घेण्यास विसरावयाचे नाही. लोकरीचा आधार तर केव्हाच सुटला. दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही, असे धनगर सांगतात.

नुसत्या पैशाने हा प्रश्न मिटत नाही, हा अनुभव आपल्या एकट्याचा नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली डोंगरी शेतीचा कायदा होऊन तेथील मेंढपाळांच्या साहाय्याला बळकटी आली. पुढे युरोपात मेंढीच्या डोईमागे रक्कम देण्याची पद्धत रुजली. मेंढ्या वाढल्या, डोंगरावरचे गवत खुरटले, आणि २००५ साली ब्रिटनमध्ये रक्कम आणि मेंढ्यांची संख्या यांची फारकत करावी लागली. तेथे पैसा गवतापुढे धावला. आपल्याकडे पैसा गवताच्या मागून, तेही उशिरा, आला आहे.

कायद्याने हक्क मुळीच दिला नाही असेही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यात फिरत्या पशुपालकांची चराई आणि हंगामी वापर हे हक्क म्हणून मान्य झाले आहेत. पण आदिवासी नसलेल्यांना तीन पिढ्यांच्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांच्या, वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याचे बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर, त्याने तो कोठून आणावा? अनुदानाच्या अर्जालाही दाखले लागतात. आणि दाखला गावात बसलेल्याला सहज मिळतो, चालत्या माणसाला नाही.

राहता राहिली गावची ई-वर्ग जमीन, म्हणजे चराईसाठी राखलेली सरकारी जमीन. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्व राज्यांना बजावले आहे. तरीही कधी वस्तीसाठी, कधी एखाद्या इमारतीसाठी तिचा तुकडा पडत असतो, आणि त्या तुकड्याची गरजही बहुधा खरी असते. आम्ही शहरवासी त्या ठरावांकडे क्वचितच लक्ष देतो. असा ठराव पुढे आला, म्हणजे एवढे जरूर विचारावे की, येत्या जूनमध्ये त्या गावची मेंढरे कोठे जाणार?