श्वासाची गोष्ट : लेण्यांपासून आपल्या ओसरीपर्यंत

आज आपण श्वासाचा इतिहास पाहू. तुम्ही म्हणाल, श्वासाला कसला आलाय इतिहास? श्वास सगळेच घेतात. पण शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायची सवड आणि परवानगी कुणाला होती, याला मात्र मोठा इतिहास आहे.

आपल्याच पुणे जिल्ह्यात मळवलीजवळ भाजे आणि कार्ले ही लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी तिथे बौद्ध भिक्षू राहत. बुद्धाच्या शिकवणीत एक साधी साधना आहे, आनापान. श्वास आत येतोय, बाहेर जातोय, एवढंच पाहायचं. तो ओढायचा नाही की कोंडायचा नाही. त्या काळी भिक्षुणीही होत्या. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतल्या शिलालेखांत दान देणाऱ्या बायकांची नावं आजही वाचता येतात.

पुढे काय झालं? मुलाची मुंज झाली की त्याला संध्या आणि तिच्यातला प्राणायाम शिकवत. तोही काही जातींतच. मुलींची मुंज नव्हती, म्हणून हे शिक्षणही नव्हतं. ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सहाव्या अध्यायात योगाची वाट मराठीत आणली. संस्कृत न येणाऱ्यांच्या कानावर ती आपल्या भाषेत पडली. पण कानावर पडणं वेगळं आणि बसायला सवड मिळणं वेगळं.

बायका पहाटे बसत त्या जात्यापाशी. ओवी म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, हाताला लय येते, मनातलं दुःख बाहेर पडतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तरी जातं हे कष्टाचंच काम होतं. पुरुषाच्या बसण्याला साधना म्हणत, बाईचं बसणं कामातच धरलं जाई. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले ते बरंच झालं. पण दोघींनी समोरासमोर बसून मन मोकळं करायची ती वेळही गेली.

1924 साली लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. पोथीत लिहिलंय म्हणून खरं, असं त्यांनी मानलं नाही. योगक्रिया करताना शरीरात काय होतं ते त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, श्वासातली हवा मोजली. प्राणायामाने शरीराला भरपूर जास्त प्राणवायू मिळतो, हा समज त्यांच्या मोजणीत टिकला नाही. त्याचा खरा उपयोग मज्जासंस्थेला आहे, असं त्यांनी मांडलं.

नंतर दारं आणखी उघडली. मंडालेत जन्मलेले सत्यनारायण गोयंका 1969 साली भारतात आले. 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर विपश्यनेची शिबिरं सुरू झाली. दहा दिवसांच्या शिबिरात सुरुवातीला आनापानच शिकवतात. बायकांनाही प्रवेश आहे, फी नाही, दानावर चालतं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी पाळी, गरोदरपण, उतारवय लक्षात घेऊन बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं. बाईच्या शरीराचा वेगळा विचार करून शिकवणारी बाई, ही मोठीच गोष्ट होती.

आता आपली अडचण. दहा दिवस घर सोडलं तर म्हशीचं कोण बघणार? म्हणून दहा मिनिटांपासून सुरुवात करू. पाठ ताठ ठेवून बसा. खाली बसवत नसेल तर खुर्चीवर. डोळे मिटा. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास पाहा. मन उसाच्या बिलाकडे, पोरीच्या लग्नाकडे पळेल. पळू द्या, रागावू नका, हळूच परत आणा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सावकाश श्वास सोडला की जीव शांत होतो. गरोदर असाल, रक्तदाब किंवा दमा असेल, तर श्वास कोंडून धरू नका. चक्कर आली तर थांबा.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. शांत होणं म्हणजे सोसत राहणं नव्हे. घरात मारहाण होत असेल तर त्याला ध्यान हा उपाय नाही. तिथे शेजारणीला, गटाला सांगा, 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा. झोप उडाली, जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरांकडे जा. शांत डोक्याने पुढचं पाऊल नीट पडतं, त्यासाठी श्वास.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हिशेबाच्या वह्या उघडण्याआधी सगळ्या मिळून पाच मिनिटं शांत बसा. आणि घरी सांगून ठेवा, ही दहा मिनिटं माझी आहेत. ती मागायला लाजू नका.