जंगल म्हणजे काय, हे ठरवायचं कोणी?

संसद मोठी की कोर्ट मोठं, हा वाद आपण दिल्लीचा समजतो. माझ्या संशोधनात मात्र तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात भेटतो. इथे त्याच्या निकालावर माणसाची शेती आणि चूल ठरते.

सुरुवात १२ डिसेंबर १९९६ पासून करू. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात ‘जंगल’ची व्याख्याच नव्हती. गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती दिली: शब्दकोशाच्या अर्थाने जे जंगल ते जंगल, मालकी कोणाचीही असो. बेसुमार तोड रोखायला हे हवंच होतं. पण प्रकरण बंद झालं नाही. पुढे देशभरातल्या जंगलांचे निर्णय कोर्टातूनच होऊ लागले. २००२ च्या मे महिन्यात केंद्राने कोर्टाच्या आदेशाचा हवाला देत राज्यांना अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पिढ्यानपिढ्या तिथेच कसणारा आदिवासीही मग ‘अतिक्रमक’ ठरला.

संसदेने उत्तर दिलं ते डिसेंबर २००६ मध्ये, वनहक्क कायदा करून. १९२७चा वन कायदा बांबूला झाड मानत होता. नव्या कायद्याने त्याला गौण वनोपज म्हटलं, म्हणजे त्यावर गावाचा हक्क आला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला! कायदा झाला म्हणजे काम झालं, असं नसतं ते असं.

मग १३ फेब्रुवारी २०१९. ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना बाहेर काढा, असा आदेश कोर्टाने राज्यांना दिला. देशभर ओरड झाली आणि २८ फेब्रुवारीला कोर्टानेच तो स्थगित केला. राज्यांना विचारलं: दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली का?

मला हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण ती प्रक्रिया संसदेनेच ठरवलेली आहे आणि ती सुरू होते ग्रामसभेत. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीचा प्रश्नही याच कोर्टाने ग्रामसभांकडे सोपवला होता. म्हणजे कोर्ट नेहमी आदिवासींच्या विरोधात आणि संसद नेहमी बाजूने, असा सरळ हिशेब इथे लागत नाही. संसदेने लिहिलेली प्रक्रिया गावात खरंच पाळली जाते का, हे कोर्टाने तपासलं की दोघांचाही आब राहतो. एखादा दावा फेटाळला गेला, तर त्याचं लेखी कारण दावेदाराच्या हातात पडलं का? तोल बघायचा तर तिथे बघा.