परळ रोड ते आंबेडकर मार्ग

मुंबईतला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखालचा. भायखळ्याहून निघतो आणि राणीची बाग, लालबाग, परळ, हिंदमाता, दादरचं खोदादाद सर्कल, किंग्ज सर्कल असा उत्तरेला शीवपर्यंत जातो. पण एकदा बसच्या खिडकीतून नीट पाहा. लालबाग-परळला तो जुन्या वस्तीतून वाट काढत येतो. दादर टीटी ओलांडलं की दोन्ही बाजूंना आखीव गल्ल्या, झाडं, एका मापाच्या इमारती. हा फरक कशानं पडला? माझं उत्तर एका शब्दाचं आहे: प्लेग.

दक्षिणेकडचा भाग जुना. त्याला परळ रोड म्हणत. परळला गव्हर्नरचा बंगला होता, म्हणजे ही साहेबांच्या बग्ग्यांची वाट. पुढे आजूबाजूला गिरण्या उभ्या राहिल्या. १८८२ साली लेडी फर्ग्युसन त्या बंगल्यात पटकीनं गेल्या, आणि गव्हर्नरांनी मलबार हिलचा रस्ता धरला. कामगारांना अर्थात तशी सोय नव्हती.

१८९६च्या सप्टेंबरात बंदरालगतच्या मांडवीत प्लेग उघडकीला आला. हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःलाच टोचून घेतली. १८९९मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या त्या रिकाम्या बंगल्यात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच.

सरकारनं १८९८मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. त्या काळची समजूत अशी, की रोग कोंदट हवेतून आणि घाणीतून येतो. तेव्हा दाट वस्त्या फोडा, रुंद रस्ते काढा, वारा खेळू द्या. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड याच विचारातून निघाले. दादर-माटुंग्याची मोकळी जमीन घेऊन तिथं नव्या वसाहती आखल्या, आणि त्यांच्या मधोमध व्हिन्सेंट रोड, किंग्जवे.

आता गंमत पाहा. १९०५नंतर प्लेगवर जे संशोधन झालं, त्यातून उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात हे सिद्ध झालं. ते काम परळच्या त्याच प्रयोगशाळेत चाललं होतं. म्हणजे ज्या समजुतीवर उत्तरेचा रस्ता आखला, ती समजूत त्याच रस्त्याकाठी खोटी ठरली! तर्कशास्त्राच्या वर्गात मी शिकवत असे, की असत्य गृहीतकातूनही सत्य निष्कर्ष निघू शकतो. रस्त्याचंही तसंच म्हणावं का? मला पूर्ण पटत नाही. कारण ट्रस्टनं जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, ही तक्रार सुरुवातीपासूनच होती. विस्थापित गरीब माणूस हिंदू कॉलनीत राहायला गेला नाही. तो शेजारच्या चाळीतली गर्दी वाढवत राहिला.

तरी ट्रस्टनं काही चाळी बांधल्या. परळची बीआयटी चाळ त्यातलीच, नावातच ट्रस्ट आहे. तिथल्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत आंबेडकर कुटुंब राहत होतं. १९३०च्या दशकात बाबासाहेबांनी हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं, मुख्यतः पुस्तकांसाठी. चाळ ते राजगृह हे अंतर थोडंसंच, आणि रस्ता तोच. मात्र ट्रस्टच्या आराखड्यात चाळीतल्या माणसानं कॉलनीत जावं असं कुठं लिहिलेलं नव्हतं.

७ डिसेंबर १९५६ रोजी अंत्ययात्रा राजगृहाहून निघाली. दादरची चौपाटी काही फार लांब नाही. पण यात्रा आधी व्हिन्सेंट रोडनं दक्षिणेला, पोयबावडीकडे गेली; म्हणजे परळच्या चाळकऱ्यांपर्यंत. तिथून एल्फिन्स्टन पूल ओलांडून चौपाटीकडे वळली. लाखो माणसं होती. रस्त्याला बाबासाहेबांचं नाव नंतर मिळालं.

२०११पासून लालबागवरून सुमारे अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल आहे. राणीच्या बागेपाशी चढलेली गाडी परळला उतरते. मी मात्र अजून खालच्या रस्त्यानं जाणारीच बस पकडतो. वेळ जातो, पण चाळी दिसतात.