तांबडा कापूस

मराठी समीक्षेत देशी आणि परकीय यांची चर्चा निघाली की भाषा हमखास शेतीची होते. मूळ, माती, कलम, संकर हे शब्द आपण रूपके म्हणून वापरतो. त्या शब्दांमागच्या प्रत्यक्ष झाडांकडे मात्र क्वचितच पाहतो. यवतमाळ जिल्ह्यातील दोन झाडे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. एक अंगणातली जास्वंद, दुसरे शेतातली पऱ्हाटी.

कळंबला जमिनीच्या पातळीखाली उतरून चिंतामणीचे दर्शन घेणाऱ्या भाविकाला हातातले तांबडे फूल परके वाटत नाही. लिनिअसने १७५३ मध्ये या झाडाला 'चीनचा गुलाब' अशा अर्थाचे नाव दिले. परंतु ते रानटी अवस्थेत चीनमध्येही सापडत नाही. अलीकडच्या संशोधकांचा कल ते पॅसिफिकमधील बेटांवर, बहुधा व्हानुआटूच्या परिसरात, माणसाच्या हातून झालेला संकर मानण्याकडे आहे. असे असूनही परंपरा ज्या 'जपा'ला जास्वंद मानते, ती 'मेघदूता'त संध्याकाळच्या तांबूस प्रकाशाला उपमान म्हणून येते, आणि नवग्रहस्तोत्रात सूर्याच्या तेजालाही. समुद्रापलीकडचे फूल आपल्या काव्यात तांबडेपणाचे प्रमाण होऊन बसले.

तमिळ आणि मल्याळम भाषांत जास्वंदीच्या नावाचा अर्थच 'तांबडा कापूस' असा होतो. व्हान ऱ्हेडे या डच अधिकाऱ्याने सिद्ध केलेल्या 'होर्टस मलबारिकस' (१६७८–१६९३) या ग्रंथातही ती याच देशी नावाने नोंदलेली आहे. वनस्पतिशास्त्राने पुढे सांगितलेले नाते लोकभाषेने आधीच ओळखले होते. कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद ही एकाच कुळातली. पातीचे फूल उमलले की मधल्या दांड्याभोवती जुळलेले पुंकेसर पाहावेत, खूण पटते. पिठ्या ढेकूणही दोघांना सारखाच छळतो. पूजेच्या तबकात देवकापसाची वात आणि जास्वंदीचे फूल शेजारी असतात, तेव्हा तिथे दोन भावंडेच भेटत असतात.

या भावंडांचे इतिहास मात्र उलट दिशांनी गेले. वऱ्हाडातला जुना कापूस आखूड धाग्याचा, देशी जातीचा होता. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला. पुढे गिरण्यांना लांब धागा हवा म्हणून अमेरिकन जातींनी देशी कापसाला बाजूला सारले. १९७० मध्ये भारतात पहिला व्यापारी संकरित कापूस आला आणि २००२ मध्ये बीटी वाणांना परवानगी मिळाली. घरच्या सरकीतून पुढच्या वर्षीचे बियाणे राखण्याची रीत मोडली, कारण संकरित वाणाचे गुण पुढच्या पिढीत टिकत नाहीत. दरवर्षी पाकीट विकत घ्यायचे, त्यासाठी कर्ज काढायचे, आणि पावसाने दगा दिला तर दुबार पेरणीसाठी पुन्हा पाकीट. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली.

याचा दोष आपण सहज 'परक्या' बियाण्याला देतो. जास्वंद मात्र या तर्कात बसत नाही. तीही परकी आणि संकरितच आहे. आपल्या बागांतल्या बहुतेक जास्वंदींना बीसुद्धा धरत नाही. तरी तिने कुणाला कर्जबाजारी केले नाही. पावसाळ्यात शेजारणीकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी मागून आणायची, पेरावर कापून ओल्या मातीत खोचायची, एवढीच तिची लागवड. शतकानुशतके ती अशीच हातोहात आली.

म्हणजे उगम कुठला, या प्रश्नाने झाडाचे देशीपण ठरत नाही. पुढचे रोप कोणाच्या हाती आहे, हे विचारावे लागते. साहित्याच्या वर्गात देशीपणाची चर्चा करताना आपण पहिलाच प्रश्न विचारत आलो आहोत. यवतमाळच्या कास्तकाराला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दर मृगाला पैसे मोजून द्यावे लागते.