पाटीचा सांधा

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या गावात गेलात (किंवा ऑनसाइटला गेलेल्या मित्राने पाठवलेले फोटो नीट बघितलेत) तर एक गोष्ट हमखास दिसते. हॉटेल, चर्च, दातांचा दवाखाना, हाउसिंग कॉलनीचं गेट... सगळीकडे जाडजूड, कोरीव, लाकडी पाट्या. उठावाची अक्षरं, त्यांवर सोनेरी वर्ख आणि मागे लाकडाच्या छान रेषा. आपल्याला वाटतं, काय हौशी लोक आहेत, अजून लाकूड कोरत बसतात!

जवळ जाऊन टिचकी मारून बघा. यातल्या बऱ्याच पाट्या लाकडाच्या नसतातच. तो फोम असतो. आणि हो, त्या लाकडाच्या रेषासुद्धा खोट्या!

तर आजचा लेख या फोमच्या पाटीवर, आणि त्यातही तिच्या सगळ्यात दुर्लक्षित भागावर. दोन तुकडे जिथे चिकटवले आणि उरलेली फट जिथे भरली, तो सांधा. विषय कोरडा वाटतोय ना? जरा थांबा. या सांध्याच्या गोष्टीत दोन हजार वर्षं जगणारी झाडं आहेत, ओझोनचं भोक आहे आणि चीजसारखा दिसणारा एक प्रयोगही आहे.

सुरुवात लाकडापासून. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हायवे झाले, गाड्या झाल्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना होर्डिंग्जचं जंगल उभं राहिलं. लोक वैतागले. १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी हायवे सुशोभीकरणाचा कायदा आणला. त्यांच्या पत्नी लेडी बर्ड यांनी तो इतका लावून धरला होता की लोक त्याला त्यांच्याच नावाने ओळखायला लागले. १९६८ मध्ये व्हरमाँट राज्याने तर होर्डिंग्जवर बंदीच घातली. गावोगावी, विशेषतः जुन्या वस्त्यांमध्ये, पाटी केवढी असावी आणि कशी दिसावी याचे नियम झाले. निऑन नको, चकचकीत प्लॅस्टिकच्या पेट्या नकोत. मग काय हवं? लाकूड!

आणि लाकूड म्हणजे शक्यतो रेडवुड. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची ही झाडं १०० मीटरच्याही वर जातात. आतलं लालसर लाकूड सहजासहजी कुजत नाही, कोरायला मऊ असतं आणि रेषा अगदी सरळ. त्यावर अक्षरांच्या आकाराचं रबरी स्टेन्सिल चिकटवायचं आणि जोराच्या हवेने वाळूचा मारा करायचा. झाकलेला भाग तसाच राहतो. उघड्या भागातला मऊ थर झिजतो, कडक थर टिकतो, आणि वाढीच्या रेषा आपोआप उठून दिसतात. झाडाने शेकडो वर्षं जे लिहून ठेवलं, ते वाळू तासाभरात वाचून दाखवते.

पण चार फूट उंचीची पाटी एका फळीतून निघत नाही. म्हणजे सांधा आलाच. फळ्या कडेला कडा लावून चिकटवायच्या. लाकूड पावसाळी हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं, तेही रेषांच्या आडव्या दिशेने जास्त. त्यामुळे सगळ्या फळ्यांच्या रेषा एकाच दिशेने लावायच्या, पाणी सोसेल असा गोंद वापरायचा. एवढं करूनही काही वर्षांनी रंगाच्या खाली एक बारीक चीर उमटायचीच. पाटी पहिली जाते ती सांध्यावर, हे तिथल्या कारागिरांना तोंडपाठ होतं.

दरम्यान, झाडंच संपत आली. मूळच्या जुन्या रेडवुड जंगलापैकी आज जेमतेम ५ टक्के उरलंय. हे काही पाटीवाल्यांनी केलं नाही. घरं, डेक, रेल्वेचे स्लीपर, कुंपणं यांत ते गेलं. पण पाटीवाल्यांना हवं असायचं ते नेमकं जुन्या झाडांचं, बिनगाठीचं, दाट रेषांचं लाकूड. १९६८ मध्ये रेडवुड नॅशनल पार्क झालं, १९७८ मध्ये ते वाढवलं. असं लाकूड महाग आणि दुर्मिळ होत गेलं. आता काय करायचं?

उत्तर आधीच तयार होतं, जर्मनीत. १९३७ साली लेव्हरकुसेनला ऑटो बायर नावाच्या रसायनतज्ज्ञाने (अ‍ॅस्पिरिनवाल्या बायर घराण्याशी याचं काही नातं नाही, नुसता आडनावबंधू) पॉलियुरेथेन बनवलं. सुरुवातीच्या काही नमुन्यांमध्ये नको असलेले बुडबुडे यायचे. असं सांगतात की तपासणाऱ्यांनी एका नमुन्यावर शेरा मारला होता: फार तर नकली स्विस चीज करायला बरं! बुडबुड्यांचं कारण होतं पाणी. त्यातल्या आयसोसायनेटला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं फुगतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा बग होता. पुढे त्याचंच फीचर झालं. गाद्या, सोफे, फ्रिजचं इन्सुलेशन, सगळं याच बगवर उभं आहे.

याच फोमचा कडक, दाट अवतार १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पाटीवाल्यांच्या हाती पडला. चार बाय आठ फुटांच्या शीट्स. एका घनफुटाचं वजन साधारण १५ पौंड, म्हणजे रेडवुडच्या जवळपास निम्मं. कुजत नाही, वाळवी लागत नाही, ओलाव्याने फुगत नाही, आणि रेषाच नसल्याने कुठल्याही दिशेने कोरा. (आपल्याकडे ‘सनबोर्ड’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो. तो वेगळा.) एकच पंचाईत: गिऱ्हाइकाला लाकडाच्या रेषा हव्या होत्या! मग कारागिरांनी वाळूच्या माऱ्याच्या वाटेत तारांची जाळी धरून खोट्या रेषा उमटवायला सुरुवात केली. जुनं सॉफ्टवेअर नव्या हार्डवेअरवर चालवायचं तर एम्युलेटर लागतो, तसंच हे.

आता मुद्द्यावर येऊ. लाकूड गेलं, पण सांधा गेला नाही. एक इंच जाडीच्या दोन शीट्स एकमेकींवर चिकटवून जाड पाटी करायची. आठ फुटांपेक्षा लांब पाटी असेल तर टोकाला टोक जोडायचं. आणि इथे सुतारकामाचं जुनं ज्ञान थेट कॉपी-पेस्ट होत नाही. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वाळतो कसा? त्यातलं पाणी निघून गेल्यावर. लाकूड ते पाणी शोषून घेतं. पण या फोमचे बुडबुडे बंद असतात, पाणी जाणार कुठे? मोठ्या शीट्सच्या मधोमध तो गोंद कितीतरी दिवस ओलाच राहतो.

म्हणून इथे पॉलियुरेथेनचाच गोंद आला. याची गंमत म्हणजे त्याला पाणी घालवायचं नसतं, त्याला पाणी हवं असतं! हवेतल्या किंवा पृष्ठभागावरच्या ओलाव्याशी संयोग होऊन तो कडक होतो. फोम स्वतः कोरडा, म्हणून एका शीटवर गोंद लावतात आणि दुसरीवर पाण्याचा हलका फवारा मारतात. म्हणजे बघा, ज्या आयसोसायनेट-पाणी जोडीने १९३७ मध्ये बुडबुडे केले, तीच जोडी आज फोमचे दोन तुकडे जोडते. आणि सवयीप्रमाणे तिथेही बुडबुडे करते. सांध्यातून फेस बाहेर येतो. नवशिक्याला वाटतं, वा, फटही भरली! पण फेसाळलेल्या गोंदात ताकद फारशी नसते. ताकद येते ती दोन्ही बाजू घट्ट दाबून धरल्यावर, गोंदाचा थर पातळ राहिल्यावर. त्यामुळे वजनं ठेवा, क्लॅम्प लावा आणि गप्प बसून वाट बघा.

त्यानंतर फट भरायचं काम. आपल्या गॅरेजमध्ये गाडीचा डेंट काढल्यावर भरतात ती लांबी आठवा. अमेरिकेत पूर्वी डेंट भरायला शिसं वितळवून वापरायचे. १९५० च्या दशकात दोन भाग मिसळून लावायची पॉलिएस्टरची लांबी आली, आणि पुढे तीच फोमच्या पाट्यांवरही गेली. पण ती लांबी पत्र्यासाठी, म्हणजे फोमच्या मानाने खूपच कडक. सँडपेपर मारला की आजूबाजूचा मऊ फोम आधी झिजतो आणि लांबी उंचवट्यासारखी वर राहते. हाताला सपाट लागतं, रंग लावल्यावर तिरप्या उन्हात सांधा स्पष्ट दिसतो. उपाय जुनाच निघाला. आपला सुतार लाकडाचा भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भेग बुजवतो ना? तसंच फोमची भुकटी किंवा दुसरं काही हलकं पूड-मिश्रण रेझिनमध्ये कालवायचं. भरण आजूबाजूच्या इतकंच मऊ हवं, हा त्यातला नियम.

आणखी एक सापळा आहे. ‘फोम’ म्हटलं की सगळे सारखे वाटतात, पण थर्माकोल म्हणजे पॉलिस्टायरीन. स्टायरीनचा शोध जुना. बर्लिनच्या एडुआर्ड सिमोन या औषधविक्रेत्याने १८३९ मध्ये झाडाच्या राळेतून ते वेगळं केलं होतं. आता पॉलिएस्टरच्या लांबीतही स्टायरीन द्रवरूपात असतं, आणि ते थर्माकोलला विरघळवतं. पॉलियुरेथेनवर जी लांबी चालते, तीच थर्माकोलवर लावली तर खड्डा बुजण्याऐवजी मोठा होतो! गणपतीचं मखर करताना ज्याने चपलांचा रबरी गोंद थर्माकोलला लावून बघितलाय, त्याला वेगळं सांगायला नको. (२०१८ पासून महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आहे, तो भाग वेगळा.) थोडक्यात, कॉम्पॅटिबिलिटी नावावरून ठरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कॉम्प्युटरने हे सगळं सोपं केलं असेल. अक्षरांपुरतं केलं. १९८० च्या दशकात कॉम्प्युटरवर चालणारी विनाइल कापायची यंत्रं आली, नंतर सीएनसी राउटर आले, आणि हाताने अक्षरं रंगवणाऱ्यांचं बरंच काम गेलं. पण दोन शीट्सना गोंद लावणं, फवारा मारणं, दाबणं, फट भरणं, घासणं, परत भरणं, परत घासणं... हे छोट्या वर्कशॉपमध्ये अजूनही माणूसच करतो. आमच्या फील्डमध्येसुद्धा मॉड्यूल पटापट लिहून होतात, रात्र जागवतं ते इंटिग्रेशन!

मग फोमने रेडवुड वाचवलं, शेवट गोड? नाही ना. अनेक वर्षं पॉलियुरेथेन फोम फुगवायला पाण्याऐवजी किंवा पाण्याबरोबर सीएफसी-११ हा वायू वापरायचे. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की सीएफसी ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं भोक जगासमोर आलं, १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. दाट बोर्डांपैकी बरेच आता परत पाण्यानेच फुगवतात, म्हणजे गाडी फिरून १९३७ च्या बुडबुड्यावर आली. तरी २०१८ मध्ये शास्त्रज्ञांना हवेत सीएफसी-११ चं उत्सर्जन पुन्हा वाढलेलं सापडलं. २०१९ मध्ये त्याचा मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचं दिसलं, आणि संशय गेला तो फोम बनवण्यावर. बोभाटा झाल्यावर ते कमी झालं.

आणि आयसोसायनेट हा शब्द आपल्याला कुठून माहीत आहे? भोपाळ, डिसेंबर १९८४. तिथला मिथाइल आयसोसायनेट वेगळा आणि कितीतरी घातक. गोंदातला सहजी हवेत उडत नाही. पण कुटुंब तेच. त्याच्या संपर्कात काम करणाऱ्यांना दमा जडू शकतो, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. म्हणून गोंद लावताना खेळती हवा आणि हातमोजे, घासताना नीट मास्क. हा हौशी सल्ला समजू नका, यात रोज काम करणाऱ्याच्या फुप्फुसांचा प्रश्न आहे.

चांगला सांधा तो, जो दिसत नाही. कारागिराचं कौतुक त्यातच आहे. पण तो दिसत नाही म्हणून त्याची किंमतही आपल्याला दिसत नाही: आधी ती जंगलाने दिली, मग आकाशाने, आणि अजूनही थोडी घासणारा माणूस देतो. असो. पुढच्या वेळी अशी देखणी पाटी दिसली की अक्षरं वाचून झाल्यावर एकदा तिरपं होऊन, उन्हाच्या बाजूने बघा. सांधा सापडला तर मलाही सांगा :)